आन्निकाची तहान

त्या साली ऑक्टोबर कोरडा गेला आणि नोव्हेंबरही तसाच निघाला. एरवी या दिवसांत बेटावर पाऊस होतो आणि डोंगरउतारावर घोट्याएवढं गवत उभं राहतं. यंदा नुसते दगड आणि पिवळी खुटं. मेंढ्या विण्याच्या तोंडावर आलेल्या, पोटं खाली लोंबलेली, पण पाठीवर हात ठेवला की लोकरीतूनही हाडं लागत. बाकिस उजाडायच्या आत मेंढवाड्यावर जायचा, ओकच्या फांद्या तोडून मेंढ्यांपुढे टाकायचा आणि दिवेलागणीला परतायचा. जेवताना त्याचा कुऱ्हाडीचा हात चमच्यावर नीट मिटत नसे.

गावातल्या नळाला एक दिवसाआड पाणी. त्याची बायको बोनारिया सकाळी कॅन, घागरी, चीजचे रिकामे डबे, सगळं भरून स्वयंपाकघरात भिंतीशी ओळीनं लावून ठेवायची. आणि नेमकं याच साली तिच्या आन्निकाला तहान लागायला लागली.

पोर सहा वर्षांची. आधी जेवताना पाणी मागायची, मग जेवणाआधी, मग खेळता खेळता आत येऊन. एकदा बोनारियानं तिला मेंढ्यांच्या हौदावर ओणवी होऊन पिताना पाहिलं. मेंढीसारखंच, ओठ पाण्याला लावून.

"अगं, ते घाण पाणी आहे!"

"मला तहान लागली होती."

"आत्ता तर पिऊन गेलीस."

"ती मघाची तहान होती," आन्निका म्हणाली आणि बाहीनं तोंड पुसलं.

सासू रेमुन्दा चुलीपाशी वाटाणे सोलत होती. गावात वयस्क बाईला सगळे त्सिया आणि पुरुषाला त्सिउ म्हणतात, म्हणून बोनारियाही तिला त्सिया रेमुन्दाच म्हणायची. "साल कोरडं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "मेंढ्यांना तहान, मला तहान, तिला तहान. पोरीचे घोट कसले मोजतेस?"

बोनारिया घागरी झाकू लागली. वाद न घालायला कारण होतं. सास्सारी शहरात चार वर्षं कॉलेज करून ती या घरात आली होती, आणि पोर झाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. उन्हाळ्यात कान दुखतो म्हणून आन्निकाला डॉक्टरांकडे नेलं. कानात काही नव्हतं. मग जंत असतील म्हणून नेलं, जंतही नव्हते. दवाखान्याच्या बाकावरच्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. गावात डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. तेव्हापासून दुकानात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय गं बोनारिया, आज मंगळवार, आणि तू इथं कशी?" तिसऱ्यांदा जायचं म्हणजे त्या बाकावर पुन्हा बसायचं.

मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. दोन वर्षांची असल्यापासून कोरडी झोपणारी पोर. रेमुन्दानं चादर उन्हात टाकली आणि निकाल दिला, "ही भीती. ऑगस्टात त्सिउ प्रेदूचा कुत्रा अंगावर आला होता ना, ती आत बसलीय."

"त्सिया, त्याला तीन महिने झाले."

"भीतीला काय कॅलेंडर असतं?"

भीती जिथं अंगात शिरली त्याच मातीवर माणसाला लोळवलं की ती उतरते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोनारियाचा त्यावर विश्वास नव्हता. पण नुसती भीतीच असेल तर बरं, असं तिलाही वाटत होतं, म्हणून ती बरोबर गेली. त्सिउ प्रेदूच्या फाटकासमोर रेमुन्दानं नातीला धुळीत आडवी केली आणि पुटपुटत तीनदा लोळवली. प्रेदू म्हातारा फाटकावर कोपर टेकून गंभीर उभा होता, आणि त्याचा तो कुत्रा बाजूला बसून शेपूट हलवत होता. मग रेमुन्दानं तिथली चिमूटभर माती पेल्यातल्या पाण्यात टाकली. आन्निकानं पेला एका दमात संपवला.

"आजी, अजून आहे?"

प्रेदू हसला. "भीती नाही, हिच्या पोटात उंट बसलाय."

त्यानंतर रेमुन्दानं पोरीला अंग धरवायचं मनावर घेतलं. आन्निकाचा घागरा कमरेवर राहीनासा झाला होता. बोनारिया त्याला रोज पिन लावायची, आणि रोज पिन थोडी आत सरकायची. खायची मात्र दोघांचं. रेमुन्दाकडे मधाचा काढा होता. शरद ऋतूत मध काढून झाला की पिळलेलं पोळं ती तांब्याच्या पातेल्यात पाण्याबरोबर उकळायची, दिवसभर ढवळायची, तेव्हा कुठं तो काळा दाट पाक व्हायचा. बाळंतिणीला द्यायचा, तापातून उठलेल्याला द्यायचा. आता सकाळ-संध्याकाळ कुरकुरीत पातळ भाकरीवर रिकोट्टाचं मऊ चीज आणि वर काढ्याची धार. आन्निका बोटं चाटायची. रेमुन्दा समोर बसून बघायची, आणि तिचं स्वतःचं पोट भरल्यासारखं दिसायचं.

एका रविवारी सगळी मेंढवाड्यावर गेली होती. आन्निका पळत भिंतीआड गेली, लघवीला बसली आणि परत आली. तासाभरानं बोनारिया पाण्याची बादली घेऊन तिकडून जात होती, तेव्हा तिला जमिनीवर काळा डाग दिसला. डाग हलत होता. ती वाकली. मुंग्या होत्या, कोणीतरी पाक सांडावा तशा एकावर एक चढलेल्या. तिनं आजूबाजूला पाहिलं. इथं काही सांडलं नव्हतं. इथं फक्त पोर बसून गेली होती.

बादली तिथंच ठेवून ती उभी राहिली. कळत काहीच नव्हतं, पण हे अंगावर काढायचं नाही एवढं ठरलं. परवा मंगळवार. मंगळवारी जायचं, काय हसायचं ते हसू देत.

सोमवारी सकाळी आन्निका उठलीच नाही. दोनदा ओकली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. छाती मोठ्यानं वरखाली होत होती, चढ चढून आल्यासारखी. बोनारिया तिच्या तोंडावर वाकली तेव्हा एक गोडसर, जळका वास आला. हा वास कुठंतरी भेटला होता. सास्सारीला खोलीतली मुलगी नखांचा रंग पुसायची, त्या बाटलीचा. पण तो पोरीच्या तोंडाला कसा येईल?

तेवढ्यात बाकिस साखर न्यायला घरी आला. या साली मेंढ्यांचं एक दुखणं निघालं होतं. पोटात जुळं असलेल्या मेंढीला चारा पुरत नाही. ती कळप सोडून उभी राहते, मान भिंतीला लावते, मग बसते आणि उठत नाही. तिला साखरेचा दाट पाक बाटलीनं पाजायचा. आदल्या दिवशी त्यानं अशा दोन उठवल्या होत्या, आणि आता तिसरी बसली होती.

"काय झालं पोरीला?" तो बूट न काढताच आत आला. खाटेशी बसला, नाक तिच्या तोंडाजवळ नेलं, आणि क्षणभर तसाच राहिला. मग झटक्यानं उठला.

"आई! काढा दे. पेलाभर दे, गरम कर."

"काय झालं?"

"जुळ्याच्या मेंढीसारखा वास येतोय हिच्या तोंडाला. तोच. डोळे मिटून सांगेन. हिला साखर कमी पडलीय. त्या दोघी कालच उठल्या, एका बाटलीत."

रेमुन्दानं भांडं चुलीवर ठेवलंसुद्धा. दोघांच्याही हालचालीत घाई होती, पण घाबरगुंडी नव्हती. काय झालंय ते कळलं होतं, औषध घरात होतं. काढा कोमट झाला. बाकिसनं डाव्या हातानं आन्निकाची मान उचलली, अंगठ्यानं हनुवटी खाली केली. सवयीचा हात.

"थांब," बोनारिया म्हणाली.

"धर तिचे हात."

"थांब म्हणते ना!" तिनं पेल्यावर तळहात ठेवला. काढा तिच्या बोटांवरून सांडला.

"वेडी झालीस का? पोर चाललीय हातची!"

"बाकिस, मेंढी मुतते तिथं मुंग्या लागतात?"

हे काय विचारायची वेळ आहे, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. पण प्रश्न मेंढीचा होता, म्हणून उत्तर आपसूक आलं.

"नाही."

"आजारी असेल तरी?"

"कध्धी नाही. का?"

"हिच्या लघवीला लागल्या. काल, भिंतीमागे. काळं झालं होतं नुसतं." शब्द एकामागून एक बरोबर पडत होते. "हिला साखर कमी नाही पडली. हिच्यातून वाहून चाललीय. अंगाला लागतच नाही, म्हणून ही वाळली. वास तोच असेल, बाकिस. पण ही मेंढी नाही."

रेमुन्दा म्हणाली, "दोन घोट जाऊ देत तरी पोटात, बाई—"

बाकिसनं पेला जमिनीवर ठेवला. घोंगडीसकट पोरीला उचललं. "जीपची किल्ली," तो म्हणाला.

घाटातली वळणं त्यानं कशी घेतली ते बोनारियाला नंतर आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की मांडीवरचा तो श्वास ती कानानं धरून बसली होती, आणि आन्निका मध्येच डोळे न उघडता "पाणी" म्हणाली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर पिरास नावाची बुटकी बाई होती, चष्मा केसांत खोचलेला. तिनं आन्निकाचा श्वास पाहिला, दारातूनच नर्सला हाक मारली, आणि मग बराच वेळ या दोघांशी बोलायला ती मोकळी नव्हती. सलाइन लागलं, सुई लागली, बोटातून थेंब थेंब रक्त काढून पुन्हा पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आन्निकानं डोळे उघडले आणि नर्सला विचारलं, "तुमच्याकडे नळाला रोज पाणी येतं?"

तेव्हा बाकिस खोलीबाहेर गेला आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहिला.

डॉक्टरनं दोघांना समोर बसवलं. "पोटामागं एक ग्रंथी असते. ती इन्सुलिन करते. इन्सुलिन असलं तरच साखर रक्तातून अंगात शिरते. हिची ग्रंथी ते करायची थांबलीय. साखर रक्तात तुडुंब, आणि अंग उपाशी. म्हणून तहान, म्हणून लघवी, म्हणून अंथरूण ओलं. अंग मग स्वतःची चरबी जाळतं, त्याचा तो वास."

"मेंढीलाही तोच येतो," बाकिस म्हणाला.

"येतो. तीही चरबीच जाळते. पण तिच्याकडे साखर नसते, हिच्याकडे वापरता येत नाही."

"मी पाजला असता तर?"

डॉक्टरनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाजला नाही ना. पुढचं बोलू. आपल्या बेटावर अशी मुलं पुष्कळ आहेत. तुमच्या पंचक्रोशीतलीच माझ्याकडे येतात. कोणी बोलत नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

"बरं कधी होईल?" बोनारियानं विचारलं.

"बरं होणार नाही. सांभाळावं लागेल. आणि नीट सांभाळलं तर ही शाळेत जाईल, डोंगर चढेल, म्हातारी होईल." मग तिनं पेनासारखी सुई टेबलावर ठेवली. जेवणाआधी बोटाचा थेंब तपासायचा, भाकरी तोलायची, मग त्या मापानं इन्सुलिन. "आणि दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. इन्सुलिन जास्त झालं, किंवा पोर जास्त पळाली, जेवण चुकलं, तर साखर खाली जाते. घाम येतो, हात कापतात, चिडते, पाय लटपटतात. तेव्हा थांबायचं नाही, साखर तोंडात. तेव्हा तुमचा पाक खरा, मेंढपाळ. हे घरातल्या प्रत्येकाला आलं पाहिजे. एकट्या आईला नाही."

बोनारिया पहिल्याच दिवशी शिकली. बाकिसच्या हातात नर्सनं पेन दिलं, आन्निकानं सदरा वर केला, आणि वर्षात शेकडो मेंढ्यांना बोलता बोलता सुई टोचणारा तो माणूस पांढरा पडला. "मला नाही जमायचं," तो म्हणाला. पेन बोनारियाच्या हातात दिलं, आणि ते तिथंच राहिलं.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. येताना बदामाच्या वड्या, मधाच्या करंज्या. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं? बोनारिया दारातच पुडे घ्यायची आणि फडताळात वर ठेवून द्यायची. बाया आन्निकाच्या गालावरून हात फिरवत आणि तिच्यादेखतच म्हणत, "अरेरे, एवढीशी पोर. हिला कोण करून घेणार?"

"मला काय करून घेणार?" आन्निका विचारायची.

"भाजी," बोनारिया म्हणायची. "ऊठ, हात धू."

चीज तोलायचा काटा आता स्वयंपाकघरात आला. भाकरीचा तुकडा त्यावर चढायचा, कोपरा मोडायचा, पुन्हा चढायचा. रेमुन्दा चुलीपाशी बसून ते बघायची. तांब्याचं पातेलं तिनं माळ्यावर टाकलं होतं, काढ्याच्या बरण्या कुठं नेल्या कोणास ठाऊक. नातीला हाक मारताना तिचा आवाज परक्या घरात आल्यासारखा यायचा. बोनारियाला ते दिसत होतं. डॉक्टरला तिनं विचारून घेतलं होतं, मधानं हा आजार होतो का, आणि डॉक्टर म्हणाली होती, छे, मुळीच नाही. पण हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं, असं ती स्वतःला म्हणायची. खरं म्हणजे स्वयंपाकघर पहिल्यांदाच तिच्या हातात आलं होतं, आणि ते तिला सोडवत नव्हतं.

एका दुपारी चादरी घड्या घालताना रेमुन्दा अचानक म्हणाली, "मी रोज माझ्या हातानं काढा भरवत होते तिला. सकाळ-संध्याकाळ."

बोनारियाच्या हातातली चादर थांबली. म्हातारी रडत नव्हती. चादरीची कड कडेला जुळवत होती, पुन्हा पुन्हा, जुळलेलीच.

"त्सिया, त्यानं नाही झालं. डॉक्टरनं सांगितलं. काढ्यानं होत नाही हे. तुम्ही नसता दिला तरी झालं असतं."

"कधी सांगितलं?"

"तिथंच. दवाखान्यात."

रेमुन्दानं तिच्याकडे पाहिलं. तीन आठवडे झाले होते. बोनारियाला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलली तर बरोबरच आहे. पण म्हातारीनं चादर तिच्या हातातून घेतली, घडी पुरी केली आणि म्हणाली, "मग तो काटा कसा वाचायचा ते मला दाखव. डोळे अजून आहेत मला."

डिसेंबरात पाऊस आला. उशिरा, पण आला. कोकरं निम्मीच वाचली, तरी निम्मी वाचली. डोंगर पोपटी झाला, मग हिरवा. आन्निकाचा घागरा पिनेशिवाय कमरेवर बसला, आणि बोनारिया सोडून सगळ्यांच्या मनातलं दुखणं मागं पडलं. तिनं पोरीला मेंढवाड्यावर जाणं बंद केलं होतं. शाळेत सोडायची, मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहायची, घरी आणायची. आन्निका अंगणात पळायला लागली की खिडकीतून हाक, "बस आता, दमशील." पोर हसली तर हिला वाटायचं जरा जास्तच हसतेय, गप्प बसली तर वाटायचं घाम आलाय का. दिवसातून कितीदा तिचा हात पोरीच्या मानेवर, कपाळावर. आन्निका तो हात आता माशी उडवावी तसा उडवायची.

"तू तिला दाव्याला बांधलीस," बाकिस एकदा म्हणाला.

"मग तू धर सुई. मी सोडते."

तो उठून बाहेर गेला. त्या विषयावर दोघांत एवढंच बोलणं व्हायचं.

मे संपता संपता लोकर कातरायचा दिवस आला. त्या दिवशी कोणी घरी राहत नाही. शेजारपाजारचे मेंढपाळ आपापल्या कातरी घेऊन येतात, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. पुरुष कातरतात, बाया रांधतात, पोरं लोकर वाहतात. आन्निकाला घरी ठेवायचं म्हणजे बोनारियाला घरी राहावं लागलं असतं, आणि मालकिणीशिवाय कातरणी कुठं होते? काटा, पेन, बोट टोचायचं यंत्र, सगळं टोपलीत घालून ती पोरीला घेऊन वर गेली.

ऊन चांगलं तापलं होतं. चार पाय बांधलेल्या मेंढ्या सावलीत आडव्या, पुरुष गुडघे टेकून बसलेले, कातरींचा कचकच आवाज सगळीकडून. लोकर एका तुकड्यात घोंगडीसारखी उतरायची, आणि मेंढी उठायची ती लाजल्यासारखी, निम्मी झालेली. लोकरीच्या तेलानं सगळ्यांचे हात चकाकत होते.

"बाकिस, तुझ्या मेंढ्या कातरतोयस की कोबी चिरतोयस?" त्सिउ प्रेदू ओरडला.

"तुम्ही कातरलेली मागच्या वर्षी घरी गेली, तर कोकरानं ओळखलं नाही तिला!"

"ती रूपानं उजळली होती, म्हणून!"

आन्निका पोरांबरोबर लोकरीचे गठ्ठे उचलून भिंतीकडे पळत होती. बोनारिया मटणाच्या कढईपाशी, पण डोळे तिकडेच. मध्ये तिनं पोरीला बोलावलं, बोट टोचलं, साखर ठीक होती, भाकरीचा तुकडा दिला. पोर तो तोंडात कोंबून पळाली. मग कढईला उकळी आली, मीठ कोणी टाकलं कोणी नाही यावर बायांची जुंपली, रेमुन्दानं पळी मागितली, आणि बोनारियानं मान वर केली तेव्हा आन्निका दिसत नव्हती.

तिनं पळी टाकली. हाक मारली नाही. हाकेनंसुद्धा वेळ जाईल असं वाटलं. ती लोकरीच्या ढिगाकडे पळाली, आणि ढिगाच्या अलीकडेच थांबली, कारण पलीकडून बोलणं ऐकू येत होतं.

"अजून एक. चाव." बाकिसचा आवाज.

"पाय माझे वाटतच नव्हते बाबा. वाफेचे झाले होते."

"आता?"

"आता थोडे माझे."

"बस जरा. पाठ टेक. खडा संपला की भाकरी खायची, सगळी."

बोनारियानं एका बाजूनं पाहिलं. आन्निका लोकरीवर रेललेली, कपाळावर घामानं केस चिकटलेले, ओठ फिकट. आणि गालात साखरेचा खडा. बाकिस समोर उकिडवा बसला होता. विजारीच्या खिशातून त्यानं एक कापडी पुरचुंडी काढली होती, मळकी, कडा झिजलेली, तंबाखूची असते तशी. आत साखरेचे खडे. पुरचुंडी आजची नव्हती. महिनोन्‌महिने ती त्या खिशात असणार, आणि बोनारियानं त्याच्या विजारी धुताना ती कधी पाहिली नव्हती, म्हणजे तो दर वेळी काढून ठेवत असणार.

"बाबा, आईला सांगू नको हं."

"का गं?"

"ती घाबरते. मग मला पळू देत नाही. मला कळतं ना, पाय वाफेचे झाले की कळतं. पण तिला सांगितलं की तिचं तोंड असं होतं." आन्निकानं तोंड करून दाखवलं. भुवया वर, डोळे ताणलेले, ओठ आत ओढलेले.

ते तोंड कसं दिसतं ते बोनारियाला पहिल्यांदाच दिसलं.

ती ढिगाला टेकली. लोकर उन्हानं गरम झाली होती, मेंढीचा उबट वास येत होता. कानात कातरी वाजत होत्या. पोरीला कळत होतं. आपल्याआधी, यंत्राआधी, तिला स्वतःला कळत होतं. आणि ते सांगायला ती दुसऱ्या माणसाकडे गेली होती. एखाद्या दिवशी तो दुसरा माणूस जवळ नसता, तर कोणालाच सांगितलं नसतं.

ती परत गेली आणि भाकऱ्या मांडू लागली. रेमुन्दानं तिच्याकडे पाहिलं. "सापडली?"

"हो. बापाजवळ आहे."

"मग?"

"मग काही नाही, त्सिया. मीठ टाकलंत का तुम्ही?"

दुपार कलली. फळ्या टाकून लांबच लांब टेबल झालं, पुरुष हात धुऊन बसले, तरी तेलाचा वास हातांना राहिलाच. आन्निका प्रेदूच्या शेजारी जाऊन बसली, गालावर पुन्हा रंग आलेला. बोनारियानं तिचं बोट टोचलं, साखर पुन्हा वर आली होती. तिनं भाकरी तोलली. मग टोपलीतून पेन काढलं. एरवी या वेळी ती पोरीला घेऊन आत झोपडीत जायची, दार लोटून.

ती टेबलाला वळसा घालून बाकिसकडे गेली आणि पेन त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"माप लावलंय," ती म्हणाली. "तू दे."

बाकिसनं पेनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "इथं?"

"इथं."

टेबलावरचे सगळे इकडे वळले. एक बाई कुजबुजली. आन्निका उठून बापाजवळ आली, सदरा वर करून उभी राहिली, आणि पोटावर बोट ठेवून म्हणाली, "काल इकडे होतं. आज इकडे. चिमटीत धरायचं, आणि दहा मोजेपर्यंत काढायचं नाही."

बाकिसनं पुन्हा एकदा हात पुसले. मग तिच्या पोटाची चिमूट धरली.

"बाबा, मी मेंढी नाही. गुडघ्यात दाबू नको."

त्सिउ प्रेदू खो खो हसला, मग सगळे हसले, आणि त्या हसण्यातच सुई आत गेली. आन्निका मोठ्यानं आकडे मोजत होती. पाचावर पोहोचल्यावर प्रेदूही तिच्याबरोबर मोजू लागला, सातावर आणखी दोघं-तिघं.

बोनारिया बघायला थांबली नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर जागा होती, आन्निकाकडे पाठ होईल अशी. ती तिथं बसली, ताट पुढं ओढलं, भाकरी रश्शात बुडवली. मागं कोणीतरी दहा म्हटलं. ती जेवू लागली.